ट्राउटसाठी फ्लाय बांधताना: चार साध्या फ्लाय, एका बैठकीत डझनभर

सराईत माणसाला फ्लाय बांधताना पाहिलं की वाटतं, सगळी करामत बोटांच्या वेगात आहे. तसं नसतं. नवख्याचा वेळ जातो कात्री शोधण्यात, सांडलेला मणी टेबलाखाली हुडकण्यात, पीस निवडत बसण्यात, आणि तीन वेढ्यांनी भागत असताना पंधरा वेढे घालण्यात. एवढं टाळलं तर अगदी सावकाश हातांनीसुद्धा संध्याकाळच्या एका बैठकीत डझनभर फ्लाय होतात आणि त्या पाण्यात टिकतात.

फ्लाय म्हणजे गळावर पिसं, लोकर, तार आणि दोरा बांधून केलेला नकली किडा. महाराष्ट्रात ट्राउट हा मासा नाही. त्याला थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं; पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात. त्यामुळे हा लेख मुख्यतः दोघांसाठी: हिमाचलातल्या तीर्थन, सैंज, बास्पा किंवा काश्मीरमधल्या लिद्दर नदीवर जायची तयारी करणारे, आणि अमेरिका, इंग्लंड, न्यूझीलंडमध्ये राहून तिथल्या नद्यांवर हात आजमावणारे.

फ्लायचे हजारो नमुने आहेत आणि नवखा माणूस त्यातले पंचवीस निवडून सामान मागवतो. तिथेच गाडी अडते. चारच घ्या: वॉल्ट्स वर्म, फेझंट टेल, ग्रिफिथ्स नॅट आणि वुली बगर. पहिल्या दोन पाण्याखालच्या अळ्या, तिसरी पाण्यावर तरंगणारी, चौथी लहान मासा किंवा जळवेसारखं काहीतरी. एवढ्यावर वर्षभर मासेमारी होते. हरणाच्या केसांची एल्क हेअर कॅडिस सगळ्यांनाच मोहात पाडते, पण केस साफ करून, टोकं जुळवून, ते पसरू न देता बांधणं हे नंतरचं काम. पहिल्या महिन्यात तिच्या नादी लागू नका.

१. गळाची ओळख

दोरी अडकवायचं छिद्र म्हणजे डोळा. सरळ भाग ही दांडी, पुढे वळण, मग टोक, आणि टोकामागची उलटी चोच म्हणजे काटा. दांडी आणि टोक यांच्यातलं अंतर म्हणजे गळाचं तोंड. आकड्यांचा हिशेब उलटा आहे: आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. ८ नंबर मोठा, १८ नंबर डासाएवढ्या किड्यासाठी.

सुरुवात १२ किंवा १४ नंबरवर करा. लहान गळावर चुका लपत नाहीत, आणि फार मोठ्या गळावर प्रमाणाचा अंदाज येत नाही.

२. सामान

हत्यारं:

- व्हाइस, म्हणजे गळ पकडून ठेवणारा चिमटा. फिरणारा, महागडा नको. १६ नंबरचा गळ घट्ट धरला पाहिजे, एवढंच बघा.
- बॉबिन, म्हणजे दोऱ्याचं रीळ धरणारा दांडा. नळीचं तोंड सिरॅमिकचं असेल असा घ्या. धातूच्या स्वस्त नळीची कड दोरा कापते आणि नवख्याला वाटतं आपलाच हात जड आहे.
- बारीक टोकाची कात्री. तार कापायला दुसरी, जुनी.
- हॅकल प्लायर, म्हणजे पिसाचं टोक धरायचा स्प्रिंगचा चिमटा.
- व्हिप फिनिशर, शेवटची गाठ मारायचं हत्यार.
- सुई, चपट्या तोंडाची पक्कड, पारदर्शक नेलपेंटची बाटली.
- वेल्क्रोचा खरखरीत बाजूचा तुकडा, जुन्या बॉलपेनला चिकटवलेला.

बांधायचं साहित्य:

- दोरा: ७० डेनियरचा काळा आणि तपकिरी, वुली बगरसाठी १४० डेनियरचा काळा. ९,००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. शिवणकामाचा दोरा चालत नाही. तो जाड आणि गोल असतो, तीन वेढ्यांतच गाठोडं होतं.
- गळ: १४ आणि १६ नंबरचे निम्फ (पाण्याखालची अळी) गळ, १८ चे बारीक तारेचे ड्राय फ्लाय (तरंगणारी फ्लाय) गळ, १० चे लांब दांडीचे स्ट्रीमर (लहान माशासारखी फ्लाय) गळ.
- मणी: टंगस्टनचे. १६ नंबरला २.४ मिमी, १४ ला २.८, १० ला ३.३. पितळेचे स्वस्त असतात, पण टंगस्टनची घनता पितळेच्या दुपटीहून जास्त. उतारावरच्या जोरदार पाण्यात पितळेचा मणी तळापर्यंत पोचायच्या आत वाहून जातो. साडीवर्कचे काचेचे मणी दिसायला छान, वजनाला शून्य.
- ०.४ मिमीची बिनशिशाची वजनतार. शिसं घेऊच नका: हाताला लागतं, पोटात जातं, आणि अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात शिशाचं सामान चालतच नाही.
- तांब्याची बारीक तार. ही मागवायची गरज नाही. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात ३८ गेजची इनॅमल तार मागा. ती साधारण ०.१५ मिमी भरते. थोडीशी घेतली तरी वर्षं पुरते.
- सशाच्या केसांचं डबिंग, म्हणजे दोऱ्यावर वळायचे सुटे केस, ‘हेअर्स इअर’ नावाने मिळणारं, नैसर्गिक तपकिरी रंगात.
- फेझंट या पक्ष्याच्या नराच्या शेपटीचं एक पीस, मोरपिसाचे तंतू, काळ्या आणि ऑलिव्ह रंगाचा मॅराबू (मऊ, फुलणारं पीस), त्याच रंगांची शेनील (लव असलेला जाड दोरा).
- कोंबड्याची पिसं, म्हणजे हॅकल, दोन प्रकारची. वुली बगरसाठी गावठी कोंबड्याच्या पाठीची लांब, मऊ पिसं उत्तम. ग्रिफिथ्स नॅटसाठी ती चालत नाहीत, कारण १८ नंबरच्या गळाला पुरतील इतके आखूड आणि कडक तंतू त्यांना नसतात. त्यासाठी काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचं, खास पैदास केलेल्या कोंबड्याचं ड्राय फ्लाय हॅकल विकत घ्यावं लागतं. पूर्ण कातडं घेऊ नका. एका आकाराची छोटी पाकिटं मिळतात, त्यातलं एक पुष्कळ झालं.

स्टेशनरीच्या दुकानातला पाइप क्लीनर शेनीलसारखा दिसतो म्हणून उचलला जातो. त्याच्या पोटात तार असते. गळावर तो बसत नाही.

गावठी कोंबड्याची पिसं घरी आणली तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, झिपच्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. त्यातल्या किड्यांची अंडी एका कोंबड्यावरून सगळ्या डब्यात पसरतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात गळांना गंज चढतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

३. व्हाइसला हात लावायच्या आधी

वेग सगळा इथेच मिळतो आणि शिकवणारे इथेच घाई करतात.

आज बसलात तर एकच फ्लाय, एकच आकार, एकच रंग, बारा नग. केनियात फ्लाय बांधणं हा रोजगार आहे. तिथले कारागीर एकच नमुना सलग बांधत बसतात, आणि हात बसतो तो त्यामुळे.

कड असलेलं स्टीलचं ताट घ्या, त्यात पांढरा रुमाल अंथरा. मणी घरंगळत नाहीत, उडत नाहीत. मग ओळीने:

बाराही गळांचे काटे चपट्या पकडीने हळू दाबून सपाट करा. हे आधीच करायचं, कारण ठिसूळ गळाचा काटा दाबताना कधीकधी टोकच तुटतं. आत्ता तुटलं तर एक गळ गेला; बांधून झाल्यावर तुटलं तर दहा मिनिटं गेली. शिवाय काटा असेल तर मणी वळणातून जाताना अडकतो.

मग मणी ओवा. मण्याला एका बाजूला लहान भोक, दुसऱ्या बाजूला मोठं. गळाचं टोक लहान भोकातून आत घाला. मणी सरकत डोळ्यापाशी गेला की लहान भोक डोळ्याकडे येतं आणि मोठं मागे राहतं, ज्यात वजनतारेचं टोक आणि दोरा दडतो. उलटा ओवला तर मणी डोळ्यावरून पुढे घसरतो.

वॉल्ट्स वर्म असेल तर वजनतारेचे सहा वेढे प्रत्येक गळावर हातानेच गुंडाळा आणि ते मण्याच्या मोठ्या भोकात दाबून बसवा. मणी डुगडुगायचा थांबतो.

शेवटी लागणारी पिसं मोजून, साफ करून, एका दिशेला टोकं करून मांडून ठेवा. डबिंगच्या बारा चिमट्या काढून ठेवा. आता एक गळ व्हाइसमध्ये एकदाच चढणार आणि पूर्ण होऊनच उतरणार. काही जण आधी बारा शेपट्या, मग बारा अंगं अशी कारखान्यासारखी विभागणी करतात. ती उलट पडते: दर वेळी गळ काढा, घाला, दोरा बांधा, तोडा, यातच वेळ जातो.

४. गळ, दोरा आणि पहिले वेढे

गळाचं वळण व्हाइसच्या जबड्यात धरा, दांडी आडवी. टोक जबड्यात पुरू नका. ते कमजोर होतं. डोळ्यावर नखाने टिचकी मारा. गळ टण्णकन परतला तर पकड बरोबर. झुकला तर घट्ट करा.

दोरा दांडीवर तिरपा धरून त्याच्याच शेपटीवरून पाच-सहा वेढे मागे घ्या, उरलेली शेपटी कापा. वेढे स्वतःपासून दूर, वरून खाली. बॉबिनच्या नळीचं तोंड गळापासून तीन-चार सेंटिमीटरवर असू द्या. नवखा वीतभर लांब दोऱ्याने फेर धरतो. त्यामुळे वेढा हवा तिथे पडत नाही.

पहिला गळ मुद्दाम वाया घालवा. दोरा ओढत जा, अजून ओढा, तुटेपर्यंत. दोन-तीनदा तुटला की त्याची हद्द बोटांना कळते आणि मग तिच्या जरा अलीकडे थांबता येतं. ताण ढिला असेल तर तीनाच्या जागी दहा वेढे लागतात आणि फ्लायचं डोकं शेंगदाण्याएवढं होतं.

प्रत्येक वेढ्याबरोबर दोऱ्याला पीळ बसत जातो आणि तो गोल होतो. सपाट, गुळगुळीत अंग हवं असेल तेव्हा बॉबिन लटकती सोडा आणि वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा. दोरा फितीसारखा पसरतो. उजव्या हाताने बांधणाऱ्यांसाठी ही दिशा; डावखुऱ्यांनी उलट.

आता चिमटीचा वेढा. पीस किंवा तंतू दांडीच्या वर डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत धरा, अशी की बोटांच्या पेरांत दांडीही येते. दोरा दोन बोटांच्या फटीतून वर न्या, ढिलाच ठेवा, पलीकडून फटीतूनच खाली आणा. बोटं न सोडता आता सरळ खाली ओढा. तंतू जागच्या जागी दबतो. हा वेढा न करता सरळ ओढलं तर दोरा तंतूला फिरवत दांडीच्या पलीकडे नेतो. सगळ्या वाकड्या शेपट्यांचं मूळ हेच. वेढे तीन, घट्ट, एकाशेजारी एक. चौथा लागला तर तीनात काहीतरी ढिलं होतं.

कात्री हातातून खाली ठेवू नका. एक कडी उजव्या हाताच्या अनामिकेत घालून पाती तळव्यात झाका आणि तशाच हाताने बांधा. गजरा ओवणाऱ्या बाईच्या हातातला दोरा कधी सुटतो का? तसंच. पहिला तासभर टोचतं, मग विसरायला होतं, आणि एका फ्लायमागे सात-आठ वेळा कात्री उचला-ठेवायचं वाचतं.

५. वॉल्ट्स वर्म: पहिली डझन हिची

पेनसिल्व्हेनियातल्या वॉल्ट यंग यांची ही फ्लाय. शेपूट नाही, पाय नाहीत, पंख नाहीत. सशाच्या केसांचा एक लांबट गोळा. दिसायला काहीच नाही, म्हणून लोक तिला सोडून देतात. पाण्यात ती अळीही वाटते, झिंगाही वाटतो.

गळ १४ नंबर, मणी २.८ मिमी, वजनतारेचे सहा वेढे, तपकिरी ७० डेनियर दोरा.

दोरा मण्यामागे सुरू करून वळणाच्या सुरुवातीपर्यंत मागे न्या. वजनतार जिथे संपते तिथे दोऱ्याचा छोटा उतार करा, नाहीतर अंगाला पायरी दिसते. तांब्याची तार हवी असल्यास इथे बांधा.

आता डबिंग. सगळ्यांची पहिली चूक इथे, आणि ती एकच: फार जास्त. वाटतं तेवढं घ्या, त्यातलं अर्धं परत ठेवा, उरलेल्यातलं पुन्हा अर्धं ठेवा. दोऱ्याला मेणाचा हलका हात लावा. फुलवात करताना दुधाचं बोट लावतात, त्याच जातीचं काम. केस दोऱ्यावर विरळ पसरा आणि अंगठा-तर्जनीत वळा, एकाच दिशेला. वात वळताना बोटं पुढे-मागे केली तर पीळ बसतो आणि लगेच सुटतो, इथेही तेच. वळलेली लांबी सात-आठ सेंटिमीटर, जाडी विणायच्या लोकरीच्या धाग्यापेक्षा कमी. त्यातून पलीकडचा उजेड जरासा दिसला पाहिजे.

वळणापाशी पहिला वेढा, मग पुढे सरकत मण्यापर्यंत. मागे बारीक, पुढे किंचित जाड. जाडी कमी पडली तर पुन्हा थोडं वळून दुसरा थर द्या. जास्त झालं तर काढणं कठीण. तार बांधली असेल तर ती उलट दिशेने पाच वेढ्यांत पुढे आणा, दोऱ्याने धरा. तार कात्रीने कापू नका. मागे-पुढे हलवत राहा, बुडाशी आपोआप तुटते आणि टोक राहत नाही.

गाठ मारा, मग वेल्क्रोने अंग सगळीकडून विंचरा. केस बाहेर आले पाहिजेत. गुळगुळीत वॉल्ट्स वर्म म्हणजे फसलेली वॉल्ट्स वर्म.

६. फेझंट टेल

इंग्लंडमधल्या विल्टशायरच्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी ही फ्लाय घडवली. त्यांच्या मूळ पद्धतीत दोराच नाही. सगळं काम तांब्याच्या बारीक तारेने: तीच वजन, तीच बांधणी, तीच चमक. ती जरूर करून बघा, पण वेगासाठी खालची मण्याची आवृत्ती.

गळ १६ नंबर, मणी २.४ मिमी, तपकिरी ७० डेनियर, ३८ गेजची तार. हिला वजनतार नको. अंग बारीक राहिलं पाहिजे.

पिसाच्या देठापासून चार-पाच तंतू काटकोनात ओढा, म्हणजे त्यांची टोकं एका रेषेत येतात. टोकं न सोडता बुडाशी कापा. टोकं जुळवण्यात नवखे पाच मिनिटं घालवतात. काटकोनात ओढलं की जुळवायचं काही उरत नाही.

टोकं वळणामागे गळाच्या तोंडाएवढी बाहेर ठेवून चिमटीच्या वेढ्याने बांधा. ही शेपूट. तिथेच तार बांधा. दोरा मण्यापर्यंत पुढे न्या आणि सोडून द्या. तंतूंची लांब बाजू हॅकल प्लायरने धरून एकत्र, एकाशेजारी एक वेढ्यांत पुढे आणा. मण्यामागे दीड मिलिमीटर जागा सोडून तीन वेढ्यांनी धरा, उरलेलं कापा. आता तार उलट दिशेने, पाच वेढे, मोकळ्या अंतराने.

उलट दिशा का? तार तंतूंच्याच दिशेने फिरवली तर ती त्यांच्या फटीत जाऊन बसते आणि काही धरत नाही. उलट फिरवली तर प्रत्येक तंतूला आडवी ओलांडते. ट्राउटचे दात बारीक पण धारदार असतात. बिनतारेची फेझंट टेल दुसऱ्या माशाला उसवते.

सोडलेल्या दीड मिलिमीटरमध्ये डबिंगचे दोन वेढे किंवा मोरपिसाचा एक तंतू गुंडाळून छाती जाड करा. गाठ.

तंतू गुंडाळताना तटातट तुटत असतील तर पीस वाळलंय. ओल्या टिश्यूत दहा मिनिटं गुंडाळून ठेवा.

७. ग्रिफिथ्स नॅट

पाण्यावर तरंगणाऱ्या चिलटांचा घोळका. जॉर्ज ग्रिफिथ यांच्या नावाची ही फ्लाय. मिशिगनमधल्या ओ सेबल नदीकाठच्या त्यांच्याच घरी १९५९ साली ट्राउट अनलिमिटेड ही नद्या राखणारी संस्था सुरू झाली.

गळ १८, काळा ७० डेनियर. हॅकलचे तंतू गळाच्या तोंडाच्या दीडपट लांब. पीस वाकवून गळाशेजारी धरा, लगेच कळतं. देठाचे खालचे मऊ तंतू काढून टाका आणि देठ वळणापाशी बांधा, पण बांधलेल्या जागेपुढे दोन मिलिमीटर उघडा देठ राहू द्या. तो ठेवला नाही तर पहिल्या वेढ्याला पीस आडवं पडतं आणि तंतू सगळीकडे पिसकटतात.

मोराचे दोन तंतू टोकांकडून बांधा, टोकाची दोनेक सेंटिमीटर ठिसूळ बाजू आधी तोडून. तंतू दोऱ्याभोवती हलका पीळ देऊन दोऱ्यासकट पुढे गुंडाळा. एकटा तंतू पहिल्या दातालाच तुटतो. डोळ्यामागे डोळ्याएवढी दांडी पूर्ण रिकामी सोडून थांबा. ही जागा सोडायला प्रत्येक जण विसरतो, आणि मग डोळा दोऱ्याने बुजतो. नदीकाठी, थंडीत, ०.१३ मिमीची नायलॉन दोरी आत जात नाही.

हॅकलचे पाच मोकळे वेढे पुढे आणा, धरा, कापा, गाठ मारा. झालं.

८. वुली बगर

पेनसिल्व्हेनियाचे रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ मध्ये ही घडवली. गढूळ पाण्याला काळी, नितळ पाण्याला ऑलिव्ह.

गळ १०, लांब दांडी; मणी ३.३ मिमी; १४० डेनियर काळा. मॅराबू आधी ओल्या बोटांनी चेपा, मगच मापा. कोरडा मॅराबू फुगतो आणि शेपूट दुप्पट जाड होते. शेपूट दांडीएवढी लांब. जास्त लांब केली तर मासा नुसती शेपूट धरून सोडतो.

मॅराबूची उरलेली बुडं शेपटीपाशी कापू नका. ती दांडीभर मण्यापर्यंत बांधून घ्या. कापली तर तिथे गाठ येते आणि वरच्या शेनीलचं अंग खालीवर होतं.

मागे येऊन तीन गोष्टी बांधा: तार, हॅकल, टोकाच्या बाजूने, आणि शेनील, जिची टोकाकडची तीन मिलिमीटर लव नखाने ओरबाडून आतला दोरा उघडा केलेला. शेनील वेढ्याला वेढा लावून मण्यापर्यंत, मग हॅकल मोकळ्या पाच-सहा वेढ्यांत, मग तार उलट दिशेने, तंतू चेपू नयेत म्हणून जरा डावी-उजवी डुलवत. हॅकल टोकाकडून बांधल्यामुळे मागे आखूड आणि पुढे लांब तंतू येतात.

९. शेवटची गाठ

दोरा उघडतो तो इथूनच.

व्हिप फिनिशचं तत्त्व समजलं तर हत्यार कोणतंही चालतं. दोऱ्याचा त्रिकोणी फास करायचा. बॉबिनकडचा दोरा दांडीला समांतर आडवा ठेवायचा आणि फासाच्या दुसऱ्या बाजूने त्याच्यावर चार-पाच वेढे घालायचे, मण्याकडून मागे. दोरा स्वतःच्याच वेढ्यांखाली गाडला जातो. मग फासात सुई ठेवून बॉबिन ओढा. फास लहान होत सुईपाशी येतो, सुई काढा, घट्ट ओढा. दोरा ओला केला तर सुळकन बसतो.

रिकाम्या बॉलपेनच्या नळीने अर्धगाठी मारायची जुनी युक्ती आहे. ती ग्रिफिथ्स नॅटला चालते. मण्यांच्या फ्लायवर नळी मण्यावरून जात नाही, म्हणून गाठ मण्यामागे उतरत नाही.

घाईचा मार्ग: गळाजवळच्या दोन सेंटिमीटर दोऱ्याला ब्रशवाल्या सुपरग्लूचा अगदी पुसट हात लावा, मण्यामागे पाच वेढे घाला, पाच सेकंद थांबा, कापा. ग्लू जास्त लागला तर डबिंग दगड होतं. ग्रिफिथ्स नॅटला ग्लू लावू नका, डोळ्यात शिरतो.

गाठीवर नेलपेंट ब्रशने नाही, सुईच्या टोकाने एक थेंब. ओलं असतानाच कापून उरलेलं हॅकल डोळ्यातून आरपार ओढून काढा, म्हणजे डोळा बुजत नाही.

१०. तपासणी

पहिली बरी जमलेली फ्लाय समोर खोडरबरात टोचून ठेवा आणि बाकीच्या तिच्याशी ताडून बघा. पहिल्या तीन तशाही वाया जाणार. अंग चिमटीत धरून फिरवायचा प्रयत्न करा. दांडीभोवती फिरलं तर दोऱ्याखालचा पाया विसरलाय. डोळ्यातून नायलॉन घालून बघा. ग्लासभर पाण्यात टाका: पहिल्या दोन सरळ तळाला जायला हव्यात आणि ग्रिफिथ्स नॅट वर राहायला हवी.

फसलेली फ्लाय फेकू नका. जुन्या ब्लेडने दांडीच्या वरच्या बाजूने लांबीत चिरा. गळ आणि टंगस्टनचा मणी दोन्ही परत वापरता येतात. सामानात महाग काय असेल तर तो मणीच.

११. पिसं, परवाना, प्रवास

भारतात जंगली पक्ष्यांची पिसं जंगलातून उचलू नका आणि कोणी देऊ केली तरी घेऊ नका. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची मेणासारख्या ठिपक्यांची पिसं विलायतेतल्या सॅमन फ्लायमध्ये फार मानाची, आणि हिमाचली टोपीतला मोनालचा तुरा सगळ्यांनी पाहिलाय. दोन्ही पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मोराची आपसूक गळलेली शेपटीची पिसं देशात विकत घेता येतात, पण देशाबाहेर न्यायला बंदी आहे. परदेशी राहणाऱ्यांनी इथून मोरपीस नेऊ नये. तिकडे पाळीव मोरांचं मिळतं.

न्यूझीलंडला जाताना विमानतळावरच्या अर्जात फ्लाय, पिसं आणि मासेमारीचं सामान लिहावंच लागतं. बूट आणि जाळीही धुऊन, कोरडी करून न्या. गळ आणि कात्री केबिन बॅगेत ठेवू नका, चेक-इनमध्ये द्या.

हिमाचलात मत्स्य विभागाचा परवाना घेऊनच पाण्यात उतरायचं. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तिथे ट्राउटचा अंडी घालायचा हंगाम म्हणून बंदी असते. फ्लाय बांधायला ते चार महिने मोकळे मिळतात.